उजव्या कोपऱ्याचं सात दात

आदी हे बगा. हितं उजेडाला या आन माझं तोंड बगा. हाय का एक तरी दात पडल्याला? साठी कवाच उलटली माझी, सा वरसाची असल्यापास्नं मिशरीचं बोट ह्या तोंडात फिरतंय, तरी दात हायेत. काळं हायेत, पर हायेत. अजून ऊस दातानं सोलून खाते म्या. आन माझी लेक, माझ्या पोटची, तिशीत आली तवा तिच्या तोंडात सात दात ऱ्हायलं हुतं. कुठलं ऱ्हायलं आन का ऱ्हायलं ते सांगते, पर पयल्यापास्नं सांगू द्या, मदी मदी इच्यारू नका बाई, मला तुकडं करून बोलता येत न्हाई.

माझं माहेर कृष्णाकाठचं, वाळव्याच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आई बी राबायची, आमी चार भनी. सकाळी चूल पेटायच्या आदी आई उंबऱ्यात बसायची, डाव्या तळव्यावर मिशरीची चिमूट आन उजव्या हाताचं बोट तोंडात. तेवढा येळ तिला कुनी काय म्हनायचं न्हाई. तुमाला शिकल्याल्या बायकांना वाटतं ही घान कशापायी करत्यात. आवं, बाईमानसाला दिवसभरात बूड टेकायला मिळतं कवा? बोट तोंडात हाय तवर सासू हाक मारत न्हाई, नवरा पानी मागत न्हाई, पोरगं रडलं तरी दुसरं कुनीतरी घेतं. चार बाया चार उंबऱ्यात बसायच्या, थुकायच्या, हासायच्या, सुकदुक बोलायच्या. चूळ भरली की मग हायेच दिसभर. आन दुसरं म्हंजी भूक मरती. भांगलायला गेल्यावर भाकरी यायला दोनपार व्हायची, तवर बोटभर मिशरीवर निगायचं. मला आईनंच लावली. सा वरसाची हुते, खाया मागत हुते, तिनं बोट लावलं आन म्हनली गप आता. गप झाले.

पंदराव्या वरसी लगीन हून इस्लामपुरात आले. मालक साखर कारखान्यात सीझनला पोती उचलायचं. लय भलं मानूस. माझी लेक मंगल चार वरसाची असताना गेलं, तापानं गेलं, आठ दिसांत. मागं म्या, सासू आन ती पोर. सासू तोंडाची फटकळ पर तिच्या हातात एक कला हुती, मिशरी भाजायची. ती म्हनली रडून कुनी भाकरी देत न्हाई, ऊठ, जाळ घाल. तंबाकूची पानं लोखंडी तव्यावर टाकायची, खाली जाळ बारीक, उलथन्यानं हालवत ऱ्हायाचं. धूर आसा निगायचा की शेजारची पोरं खोकत भाईर पळायची. पानं काळी कुळकुळीत झाली पायजेत पर राख झाली न्हाई पायजे, त्या घडीला तवा खाली घ्यायचा. जरा आदी घेतला तर मिशरी कच्ची ऱ्हाती, लावनारीला चक्कर येती. जरा उशीर केला तर निव्वळ कोळसा. मग पाट्यावर वाटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं गाळायची आन कागदाच्या पुड्या बांदायच्या. दोन वरसांत सासूपरास माझा हात बसला.

बाजारात माझी जागा ठरल्याली, कुंभाराच्या शेजारी. गिऱ्हाईक बाई आली की म्या पुडी न्हाई दावायची, पयलं तोंड उगडायची. म्हनायची, बग की गं, एक तरी हालतोय का, ह्या मिशरीवर हायेत बग हे दात. आन बाया खरंच बोट लावून माझं दात हालवून बगायच्या. हासू नका, खरं सांगते. बैल बगावा तसं बगायच्या आन मग पुडी घ्यायच्या. दहा गावच्या बाया माझ्याकडनं न्यायच्या. पोरगी त्येच्यावर वाढली, तिची शाळा, कपडालत्ता, आजारपान, समदं त्या काळ्या पुडीवर झालं. त्यामुळं कुनी मिशरीला वाईट म्हनलं की माझं डोस्कं फिरायचं. म्या म्हनायची, तुझा नवरा मेला तवा तुला कोन आलं हुतं खायाला घालाया?

मंगल धा वरसाची हुती तवा तिची दुदाची दाढ ठनकाय लागली. गाल सुजून हा एवढा. शाळंत जाईना, रडून रडून घसा बसला. म्या काय केलं, माझ्या आईनं मला जे केलं त्येच केलं. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आन ह्या बोटानं, हेच बोट बगा, मिशरी तिच्या हिरडीला चोळली. पयल्यांदा वकारी काढली तिनं, घाम आला, मग झोपली. उठली ती हासत. दाढ बधिर झाल्याली न्हवं. चार दिसांनी सोताच डबी घिऊन आली, आये लाव की. त्येच्या पुढं सोताच लावाय लागली. मला काय वाटलं म्हनता? मला बरं वाटलं. सकाळी उंबऱ्यात माझ्या शेजारी बसायला लेक मिळाली. दोघी बसायचो, थुकायचो, बोलायचो. तिची आन माझी जी काय माया हाय ती त्या उंबऱ्यात झाली, ते बी खोटं न्हाई.

लगीन कुपवाडला दिलं. जावय दिलीप, एमआयडीसीत लेथवर कामाला, अंगात कवा बी बगा तेलकट कपडं, पर निर्व्यसनी. रुखवतात म्या पितळंची नक्षीची डबी ठिवली, माझ्या हातची मिशरी काठोकाठ भरून. बाया म्हनल्या, आईनं लेकीला काय काय दिलंय बगा. म्या फुगले.

शीतल झाली, माझी नात, त्येच्या मागनं तीन-चार वरसांनी हे सुरू झालं. मंगलनं आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडं फोन केला, त्येनं मला हाळी मारली. ती म्हनली, आये, भाकरी चावली की तुकड्याला रगात लागतंय, सकाळी उठलं की तोंडात रगात. म्या म्हनलं नासकं रगात आसंल, जाऊ दे भाईर, मिशरी जरा कडक लाव, दोन येळ लावतीस तितं चार येळ लाव. आन पुढच्याच आठवड्यात डबल भाजल्याली मिशरी घिऊन सोता गेले कुपवाडला. तिनं व्हट वर करून दावला. हिरड्या वांग्यावानी जांबळ्या, फुगल्याल्या, आन दात लांब लांब दिसाय लागल्यालं. म्या म्हनलं ह्या वयात दात वाढाय लागलं का काय तुझं. आवं, दात कशाचं वाढत्यात. हिरडी मागं सरकत हुती, मुळं उगडी पडत हुती. पर मला कोन सांगनार, म्या तर सोताच दहा गावच्या दातांची डाक्टर.

वास यायचा तोंडाला. आई असून सांगते, यायचा. जावय ताट घिऊन भाईर कट्ट्यावर जेवाया बसायचा. मंगल बोलताना पदर तोंडावर धरायची. म्या तवा त्येला लय शिव्या घातल्या मनात, बायकूच्या तोंडाचा वास येतोय आन ह्येच्या अंगाला तेलाचा येतोय ते चालतंय व्हय. पर एक सांगते, दवाखान्यात तिला घिऊन त्योच गेला. त्र्यान्नव का चौऱ्यान्नव साल आसंल. सांगलीला, दाताच्या दवाखान्यात. संगं म्या बी गेले.

डाक्टरीन बाई कवळी पोरगी, वेनी घातल्याली. आरसा घालून बगितलं, हिरडी दाबली तर दाताच्या बुडातनं पू आला. ती म्हनली ताई, ह्याला पायोरिया म्हणतात, तुमच्या दातांना कीड नाही, दात चांगले आहेत, पण दात ज्या हाडात बसलेत ते हाड झिजायला लागलंय. मुळाशी दगडासारखं कीटण साठलंय ते काढावं लागेल. तोंडाचे चार कोपरे करू, एका वेळी एकच कोपरा साफ करू, चार वेळा यायचं. आन मिशरी आजपासून बंद. म्या मागं हुबी. माझ्या पिशवीत तवा बी पुड्या हुत्या, परत जाताना मिरजंला एका बाईला द्यायच्या हुत्या. म्या पिशवी अशी मागं धरली.

त्या दिवशी खालचा उजवा कोपरा साफ केला. हत्यारानं खरडून खरडून ते काळं खडं काढलं, हिरडीच्या आतनं काढलं. रगात लय आलं. घरी आल्यावर मंगल गार पानी प्याली आन कळवळली, मुळाला झोंबलं. तिनं जिभेनं दात हालवून बगितला, म्हनली आये, आदी नुसता जरासा हालत हुता, आता लय हालतोय, मदी फट बी पडलीया.

हितं माझी चूक झाली. दुसऱ्या कुनाची न्हाई, माझी. म्या म्हनलं बगितलंस का, तो खडा त्या दाताला धरून बसला हुता, त्या पोरीनं त्योच काढून टाकला. भिताडाला लिंपल्याली माती खरवडल्यावर भित पडंल न्हाई तर काय हुईल. आता तीन कोपरं ऱ्हायल्यात तेवढं तरी वाचीव, जाऊ नको परत. दिलीप म्हनला मामी, डाक्टरनं सांगितलंय दोन दिवस दुखनार म्हनून, पुढच्या सोमवारी जायाचंय. म्या म्हनलं तुमी तुमचं लेथ बगा, दातातलं मला सांगू नका, दहा गावच्या बाया माझ्याकडं येत्यात. आन तिला घिऊन इस्लामपूरला आले, बरी करते म्हनून. सोमवार तितंच गेला. पुढचा बी गेला. म्या तिला रोज कडक मिशरी लावायची, तीन कोपऱ्यांत. उजवा खालचा कोपरा झोंबतोय म्हनून तिनं तेवढा सोडायला लावला, आये तितं नको. त्यामुळं तितं माझं बोट गेलंच न्हाई. हे म्या तुमाला परत सांगते, ध्यानात ठेवा, तेवढ्या एकाच जागी माझं बोट गेलं न्हाई.

महिन्याभरात ठनका कमी झाला. व्हनारच, बधिर झाल्यावर ठनका कशाचा. म्या तिला वाजत गाजत कुपवाडला पोचवली, जावयाला म्हनलं बगा, झाली का न्हाई बरी. पुढं दोन वरसं ती काय बोलली न्हाई. हळूहळू भाकरी दुदात कुस्करून खाय लागली, शेंगदानं सोडलं, पेरू सोडला. मला सांगायची न्हाई. म्या इच्यारलं तर म्हनायची बरं हाय.

मग तिच्या नंदंच्या पोराचं बारसं हुतं. घर पावन्यांनी भरल्यालं, बाया लाडू वाटत हुत्या. मंगलनं नको नको म्हनत एक लाडू घेतला, दात लावला, आन समोरचा दात लाडवातच ऱ्हायला. आख्खा. मुळासकट. ती लाडवाकडं बगती, सगळ्या बाया तिच्याकडं बगत्यात. शीतल, बारकी पोर, तिनं मोठ्यानं इच्यारलं, आई, तुझा बी दुदाचा दात पडला? कुनीतरी हासलं. जावयाची मान खाली. दुसऱ्या दिशी त्यो तिला लुनावर बसवून माझ्या दारात आला, पिशवी ठिवली आन म्हनला मामी, तुमीच बरी करनार हुता, आता करा. शीतलला त्येनं तिकडंच ठिवली, त्येच्या आईपाशी. त्येची आई चार जनींत बोलायची, बिनदाताची बाईल ठिवून काय करायची, पोरगा अजून तरना हाय. मला ते कानावर आलं. म्या दोन दीस जेवले न्हाई. मंगल उंबऱ्यात बसून नुसती रस्त्याकडं बगायची, पोरीसाठी जीव तिळतिळ तुटायचा तिचा. आन सकाळी तिनं मिशरीची डबी हातात बी घेतली न्हाई. माझ्या शेजारी बसली पर रिकामी बसली.

म्या तिला घिऊन परत सांगलीला गेले. डाक्टरीन बाई तीच, आता तिला चष्मा लागल्याला. तिनं फोटू काढला, उजेडाला धरून बगितला. मग म्हनली ताई, हे सगळे काढावे लागतील, ह्यांच्याभोवती हाड उरलेलं नाही. फक्त उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातले सात दात चांगले धरून आहेत, ते राहतील. तेवढेच का चांगले राहिले माहीत आहे का? तुम्ही पहिल्यांदा आला होता तेव्हा तो कोपरा मी साफ केला होता. बाकीच्या तिन्हीचं साफ करायला तुम्ही आलाच नाहीत. कुणी सांगितलं तुम्हाला येऊ नका म्हणून?

बाई, म्या तिच्या मागं दोन हातावर हुबी हुते. मंगलनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई. म्हनली, कुनी न्हाई, घरचं काम हुतं, यायला जमलं न्हाई. डाक्टरीन बाईनं इच्यारलं मिशरी कुठनं आणता? तर म्हनली बाजारात मिळती, कुनीबी इकतंय.

कुनीबी इकतंय म्हनली. आईचं नाव घेतलं न्हाई. त्येच्यापरास तिनं तितं माझ्या थोबाडीत मारली असती तर म्या सुखानं घरी आले असते.

तीन-चार खेपंत समदं काढलं. काढायला बी जोर लागला न्हाई, चिखलातनं खुटी निगावी तसं निगालं. डाक्टरीन बाईनं ते तबकात ठिवल्यालं म्या बगितलं. पांढरं, लांब मुळांचं, एकाला कीड न्हाई, एक तुटल्याला न्हाई. तिच्या बापासारखं हुतं दात, त्येंचं बी असंच सरळ हुतं. घरी आल्यावर म्या तिला इच्यारलं, का गं न्हाई माझं नाव सांगितलंस? तिच्या तोंडात कापूस हुता. तोंडातल्या जखमा भरून आल्यावर एक दीस भांडी घासता घासता म्हनली, आये, तू वाईट म्हनून दिलं न्हाईस, तू सोता बी त्येच लावतीस, तुला काय म्हनू. पर एक ध्यानात ठेव, माझ्या शीतलच्या तोंडाला तुझा हात लागता कामा न्हाई. एवढंच. त्येच्या पुढं ह्या गोष्टीवर ती आजवर बोलली न्हाई.

कवळी बसवली. म्या माझ्या कानातली फुलं मोडून बसवली, जावयाला एक पै मागितली न्हाई. कवळी बसली तसा जावय आला न्यायला. आता चार मानसांत म्हनतो, मंगल हासली की कशी झकास दिसती. त्येच्या आईनं बी काय बोलली न्हवती असं तोंड केलं. गेली लेक, नांदती हाय. बोलायचा हक गेलाय माझा.

त्येच्या पुढच्या बाजारी म्या पुड्या घिऊन बसले खरं. एक कवळी पोर आली, काखंत लेकरू, म्हनली मावशी, हिरड्यांतनं रगात येतंय, तुमची कडक मिशरी द्या, आमच्या सासूबाई म्हनल्या तुमच्या मिशरीनं दात लोखंडावानी हुत्यात, दावा की तुमचं दात. म्या तोंड मिटलं. म्हनलं दवाखान्यात जा, सांगलीला, चार खेपा घालाय लागत्यात, चारी घाल. तिला वाटलं म्हातारीचं डोस्कं फिरलं. ती गेली आन पलीकडच्या बाईकडनं पुडी घेतली. म्या बगत बसले. दुसऱ्या आठवड्यापास्नं म्या हळद आन चटनी इकते, त्याच जागी. जुन्या बाया अजून येत्यात, इच्यारत्यात मिशरी का बंद केली. एकीएकीला सांगून दमले. चार जनींनी ऐकलं आसंल, बाकीच्या हासत्यात आन म्हनत्यात, तुमचं तर समदं दात हायेत की मावशी. हायेत. माझं हायेत.

आन म्या सोता सोडली का म्हनाल, तर न्हाई सुटली. खोटं कशाला सांगू. चार दीस सोडली, पाचव्या दिशी शेजारनीच्या दारात जाऊन मागून लावली. आता एकटीच बसते उंबऱ्यात.

कुपवाडला जाते महिन्यातनं एकदा. डबी आत न्यायची न्हाई असा मंगलचा नेम हाय, म्या ती भाईर कट्ट्यावर तुळशीच्या मागं ठिवते आन मगच आत जाते. गेल्या खेपंला शीतलचा दुदाचा दात हालत हुता, कडंचा, नुसत्या कातड्यावर लोंबत हुता. नऊ वरसाची हाय आता. पळत आली माझ्याकडं, आजे, काढ की. म्या हात पुढं केला. पोरीनं माझं बोट धरलं, नाकापाशी नेलं, हुंगलं आन म्हनली, वास येतोय गं आजे. म्या उठले, मोरीत गेले, साबन लावला, राखंनं घासलं, परत साबन लावला. पोरीनं परत हुंगलं. तिनं बोट सोडून दिलं आन आईकडं गेली. मंगलनं दोन बोटात धरून काढला तो दात, पोरीला कळला बी न्हाई. मग दोघी मायलेकी भाईर जाऊन कौलावर टाकून आल्या. म्या तितंच बसून बगत हुते.

बरं केलं पोरीनं. शानी हाय. लय शानी हाय. माझं आता किती ऱ्हायलंय, ह्या दातांसकट जाईन म्या जळाया. देवाला एवढंच म्हनते, त्या पोरीला नवं दात येत्यात ते शंभर वरसं धड ऱ्हाऊ द्यात. आन माझं बोट तिच्या तोंडात कवा बी जाऊ न्हई.